हात हलले, कॅमेरा नाही

फोंडा, गोवा
आषाढ वद्य, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी मोरीत उकिडवा बसून कॅमेऱ्याच्या पिशवीवरचा चिखल घासत होतो. त्या दिवशी माशेलला चिखलकाला होता. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात पोरं-बाप्ये अंगाला तेल चोपडून चिखलात लोळत होते, वरून धो धो पाऊस, आणि मी बायकोची आंघोळीची टोपी कॅमेऱ्याला घालून मध्येच उभा. त्यामुळे तुला ‘बघतो, कळवतो’ म्हणून फोन ठेवला. आज पावसानं घरात कोंडलंय, तर सविस्तर लिहितो.

तू म्हणालास, बोनसचे ऐंशी हजार बाजूला काढलेत, जुना निकॉन डी ५३०० देऊन टाकतो आणि फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतो, कुठला घेऊ ते सांग. नाही सांगणार. आधी तू पाठवलेल्या फोटोंबद्दल बोलू.

छकुलीच्या नाचाचे फोटो मी कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. तो हात वर करून गिरकी घ्यायच्या आधीचा आहे ना, तो बघ पुन्हा. तिच्या कानातल्या झुमक्याचे मोती मोजता येतायत. मागच्या पडद्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. फक्त हात नाहीत. मनगटापासून पुढे नुसता धूर. म्हणजे तुझा फोकस बरोबर होता, तुझा हातही हलला नव्हता. हलले ते तिचे हात. फोटोची माहिती उघडली तर तेच निघालं: ५५ मिमी, एफ ५.६ (हा आकडा जितका लहान तितका भिंगातून प्रकाश जास्त), आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२००, शटर १/४०. नाचणारी पोरगी १/४० सेकंदात कशी थांबेल रे? तिला पकडायला १/२५० तरी हवं, म्हणजे सहापटीच्या वर प्रकाश हवा.

आता हा प्रकाश आणायचा कुठून? फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी, आपला साधारण २४ बाय १६. क्षेत्रफळ सव्वादोन पट. म्हणजे फोटोतली खरखर, ते दाणे, तेवढेच ठेवून तू १/४० वरून फार तर १/९० ला जाशील. हात तिथेही विरघळतील. उलट ५.६ च्या जागी १.८ चं भिंग लाव, प्रकाश जवळजवळ दहापट. १/४० चं थेट १/४०० च्या आसपास. आणि हे भिंग तुझ्या ऐंशी हजारातला एक कोपरा खाईल, बाकीचे तसेच राहतील. त्यात फुल फ्रेमच्या स्वस्त बॉडीबरोबर येणारं भिंगही बघून ठेव. निकॉनच्या झेड ५ बरोबर जे २४-५० यायचं ते लांबच्या टोकाला एफ ६.३, आपल्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सपेक्षाही काळोखं. वर ५० मिमीला तुला पोरगी आत्ता दिसते त्याहून लहान दिसेल. म्हणजे ऐंशी हजार घालून तू मागच्या रांगेत जाऊन बसणार!

हा शहाणा मला ज्ञान पाजतोय, असं म्हणशील. पण हे सगळं मी पदरचे पैसे घालून शिकलोय आणि ते पैसे काही परत आलेले नाहीत.

साखळीला, विठ्ठलापूरला, त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडतात. तू एकदा यायलाच हवंस. पहिल्या वर्षी मी किट लेन्स घेऊन गेलो. आयएसओ ६४०० पर्यंत ताणला, शटर तरी १/१५. घरी येऊन बघतो तर प्रत्येक नौकेची पिवळी रांगोळी झालेली. मला वाटलं हात थरथरतोय. मग दुसऱ्या वर्षी ट्रायपॉड घेतला, तोही स्वस्तातला, ज्याचा एक पाय कायम घसरायचा. फोटोत घाटाच्या पायऱ्या काय लख्ख आल्या म्हणतोस! नौका मात्र पुन्हा तशाच. ट्रायपॉडनं माझे हात थांबवले, पण नदीला कोण थांबवणार? लेन्समधल्या व्हीआरचंही तेच, तो आपल्या हाताचा कंप खातो, समोरच्या माणसाचा नाही. एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला मला दोन पौर्णिमा लागल्या.

तिसऱ्या वर्षी शहाणपण सुचलं आणि ५० मिमी एफ १.८ घ्यायचं ठरवलं. मुंबईला लग्नाला गेलो होतो, तर बोरा बाजारात शिरलो. आपण दोघांनी कॅमेरे घेतले तो सगळा भाग अजून तसाच आहे. एका दुकानात सेकंडहँड भिंग मिळालं, काच स्वच्छ, किंमत फारच बरी. लगेच पैसे मोजले. गाडीत बसल्यावर लावून बघतो तर फोकस ढिम्म हलेना. शेवटचं अक्षर बघितलंच नव्हतं रे! ते होतं ‘डी’. त्या जुन्या भिंगांत मोटार नसते, ती बॉडीत लागते, आणि आपल्या डी ५३०० च्या बॉडीत ती नाही. दुकानदारानं सांगायला हवं होतं, हे खरं. पण विचारायला मी हवं होतं, हेही खरं. त्या पौर्णिमेला व्ह्यूफाइंडरातल्या हिरव्या ठिपक्याकडे बघत हातानं फोकस फिरवत बसलो. एफ १.८ ला फोकसची पट्टी एवढी अरुंद की ठिपका पेटून मी बटण दाबेपर्यंत नौका पुढे गेलेली. तर लक्षात ठेव, तुला ‘एएफ-एस’ आणि शेवटी ‘जी’ असलेलंच हवं. ५० मिमी एफ १.८ जी. उद्या तू निकॉनचा मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घेतलास तरी जुनी भिंगं जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावून ते चालेल, फोकससकट. माझं ‘डी’ तिथेही मुकंच राहिलं असतं. ते मी तोट्यात विकलं. किती, ते विचारू नकोस.

मग एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथनुसार, म्हणजे किती मिमीला काढला त्यानुसार, फोटो चाळता येतात. एक अख्खा रविवार घालवून मला स्वतःला आवडलेले तेवढेच फोटो चाळले. पक्ष्यांचे सोडले तर निम्म्याहून जास्त ३० ते ४० मिमीच्या मध्ये. घरातले, बाजारातले, देवळातले. मी ५० चा हट्ट धरून बसलो होतो तो केवळ सगळे ५० घेतात म्हणून. आपल्या लहान सेन्सरवर ५० म्हणजे ७५ सारखं दिसतं. पणजीत फोंतेन्हासच्या गल्लीत ते लावून उभा राहिलो की पाठ समोरच्या घराच्या भिंतीला टेकायची. (आता तिथं बऱ्याच दारांवर फोटो काढू नका म्हणून पाट्या लागल्यात, आणि लोकांचं चुकतंय असं मला वाटत नाही. कुणाच्या जिन्यावर बसून किती पोझ द्यायच्या?)

शेवटी ३५ मिमी एफ १.८ घेतलं, सेकंडहँड, दहा हजारांच्या आत. पहिल्यांदा वापरलं ते चवथीला, सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी. तुला माटोळी आठवते? गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधतात. सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड, आंबाडे, लालभडक कवंडळं. दरवर्षी मी तिचा फोटो काढायचो आणि दरवर्षी फ्लॅशनं सगळं सपाट व्हायचं, वर माटोळीची काळी सावली छपराला चिकटायची. त्या वर्षी फ्लॅश काढलाच नाही. समई आणि एक पिवळा बल्ब, बस्स. काका फळ बांधताना मान वर करून बघत होते. त्यांच्या चष्म्याच्या काचेत एक कवंडळ लाल ठिपक्याएवढं उमटलंय आणि बोटाला सुतळीचा वळ दिसतोय. तो फोटो फ्रेम करून काकूनं भिंतीवर लावला. मी कॅमेरा घेतल्यापासून घरातल्या कुणी माझा फोटो भिंतीवर लावण्याची ही पहिली वेळ.

आता थोडं रडगाणं. माझं ७०-३०० मिमीचं भिंग गेलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मी ते भिंग चामड्याच्या डब्यात घालून, वर मखमलीचा तुकडा गुंडाळून, सागवानी कपाटात ठेवलं होतं. मिरगाला ठेवलं ते चवथीनंतर काढलं. मागून मोबाइलची टॉर्च मारली आणि पोटात खड्डा पडला. आतल्या काचेवर कडेपासून मध्याकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी. चामडं आणि मखमल ओल धरून ठेवतात, म्हणजे मी तिला गादीच घालून दिली होती. साफ करून घेतलं, धागे गेले, पण काचेवरचा लेप तिनं खाल्लेला, तो थोडाच परत येणार? उन्हासमोर धरलं की अजून पांढरट पडदा येतो. नंतर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घेतलं, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहते. माझ्या सगळ्या खरेदीत ही सगळ्यात नीरस वस्तू, कुणाला कौतुकानं दाखवता येत नाही. पण पैसे खऱ्या अर्थानं तिथेच वसूल झाले. तुम्ही पुण्यात कोरडे आहात, तुला झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरे. इकडे येशील तेव्हा मात्र एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नकोस. काचेवर क्षणात दव धरतं. पिशवीची चेन बंद ठेवून अर्धा तास जाऊ दे.

मग मोह सुटला का? छे! रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला जातो मी अधूनमधून, सलीम अली पक्षी अभयारण्यात. खारफुटीत गळ्याला पांढरी पट्टी असलेला निळा-हिरवा खंड्या बसतो (यमक जुळतं म्हणून चिडू नकोस). ३०० मिमीलासुद्धा तो फोटोत वाटाण्याएवढा. त्यामुळे रोज रात्री जेवल्यावर २००-५०० च्या किमती बघतो. सव्वादोन किलोच्या वर वजन आहे त्याचं. डुलत्या होडीत ते धूड घेऊन मी किती वेळ हात वर ठेवणार, हे मला कळतं. कळून काही फरक पडत नाही, हेही कळतं. गेल्या खेपेला होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि वल्ह्यानं एका फांदीआड नेऊन ठेवलं. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही. खंड्या आपणहून जवळ आला, खेकडा फांदीवर आपटून खाल्ला. त्या पंधरा मिनिटांत जे मिळालं ते ५०० मिमीनंही मिळालं नसतं. तरी २००-५०० च्या किमती काल रात्रीही बघितल्याच.

बॉडी कधीच बदलू नकोस, असं माझं म्हणणं नाही. आपल्या कॅमेऱ्यात फोकसचे ३९ बिंदू, तेही मध्यभागी दाटलेले. छकुली स्टेजच्या कोपऱ्यात धावत गेली की तो चुकणारच. नवे मिररलेस डोळा ओळखून त्याला धरून ठेवतात, कोपऱ्यातसुद्धा. २०२४ मध्ये आलेला झेड ५० टू तर पक्षीही ओळखतो. तो आपल्याच आकाराच्या सेन्सरचा आहे, फुल फ्रेम नाही. ५० जी लावून दोन-तीन कार्यक्रम काढ. शटर १/४०० असूनही चेहराच बिघडलेला असे फोटो साठायला लागले तर मला फोन कर, मग मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येतो. आणि स्टेजवर मोड मॅन्युअल ठेव. मागचा काळा पडदा बघून कॅमेरा फसतो आणि पोरीचा चेहरा पांढरा फटक करतो. तुझ्या निम्म्या फोटोंत तेच झालंय, त्याला पैसे पडत नाहीत.

सेकंडहँड घेणार असशील तर दुकानाच्या उजेडावर भरवसा ठेवू नकोस. भिंगाची दोन्ही झाकणं काढ, मागून टॉर्च मार, तिरकं धरून बघ. बारीक धुळीचे कण असले तर चालतील, धागे नकोत. आतल्या पात्यांवर तेलाचा डाग आहे का बघ. स्वतःच्या बॉडीवर लावून दुकानातच दहा फोटो काढ, फोकस आपोआप होतो का ते बघ. मी हे केलं नव्हतं.

त्रिपुरारीला ये. छकुलीला घेऊन ये. माझं ३५ तुला देतो त्या रात्रीपुरतं, तू तुझं ५० मला दे.

तुझा,
आप्पा

ता. क. वहिनींनी भिंग तांदळाच्या डब्यात ठेवायला सुचवलंय असं म्हणालास. त्यांना माझा नमस्कार सांग आणि तसं करू नकोस. तांदळाचं पीठ झूमच्या रिंगमध्ये जाऊन बसतं. सिलिका जेल निळं असेल तर ओल धरल्यावर गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवं. रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून घे. ती कढई मात्र वेगळी ठेव. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता.