या, न्याहारी करा

इंदूर, 9 मार्च 2026

प्रिय आई, बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

काल इथं रंगपंचमी झाली. गच्चीवरचा गुलाल सकाळपासून घासतेय, तीन बादल्या पाणी ओतलं तरी फरशीच्या फटींतून लाल निघतंच आहे. घासता घासताच पत्र लिहायचं मनात आलं, कारण 5 एप्रिलला, ईस्टरच्या पहाटे, याच गच्चीवर मला शेगडी पेटवायची आहे. आणि त्या वेळी तुम्ही दोघं इथं हवे आहात.

बाबा, लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला मी फोनवर नुसती रडले होते, आठवतं? आपल्या नगरचा ईस्टर अंधारातच सुरू व्हायचा. चारला उठून आंघोळी, मग कंदील, टाळ, ढोलकी, भजनं म्हणत निघालेली मंडळी आणि शेवटी कबरस्तान. आदल्या दिवशी तुम्ही आजीच्या कबरीला चुना लावलेला असायचा. आई ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगरा माझ्या हातात द्यायची. पाळकसाहेब "प्रभू उठला आहे" म्हणाले की सगळे एका सुरात "खरोखर उठला आहे" म्हणायचे, आणि मला वाटायचं, हे आजीलाही ऐकू जात असणार.

इथं आपल्या कुणाचीच कबर नाही. इतकी वर्षं मला हेच खुपत राहिलं. उपासना होते, हिंदीत होते, मनापासून होते. पण घरी आलं की मटण-पुलाव खाऊन दिवस संपायचा. नाताळला मुलांना करंज्या असतात, दारावर तारा असतो. गेल्या ईस्टरला धाकट्यानं दुपारी विचारलं, "आई, आज आपण काय करायचं असतं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय काढून बसले. रात्रभर जाळं टाकून हाती काहीच न लागलेले शिष्य, मग प्रभूच्या शब्दावर जाळ्यात आलेले 153 मासे, काठावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि शेजारी भाकर. आणि तो म्हणतो, "या, न्याहारी करा." मरणातून उठलेला प्रभू दमून आलेल्या आपल्या माणसांसाठी विस्तव पेटवून बसला होता. बाबा, तुम्ही एकदा प्रार्थनासभेत सांगितलं होतं की योहानात कोळशाचा विस्तव दोनच ठिकाणी येतो. एक, जिथं पेत्र या शिष्यानं प्रभूला ओळखत नाही म्हटलं तिथं, आणि दुसरा हा. तेव्हा मी दहावीत असेन, नुसतं ऐकून घेतलं होतं. त्या रात्री ते आत पोचलं.

पुढच्याच रविवारी गच्चीवर तशीच न्याहारी केली. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, 50 दिवसांचा, त्यामुळे उशीर झाला असं मानलं नाही. अंधार असतानाच शेगडी वर नेली. रोहूच्या तुकड्यांना आलं-लसूण, हळद, मीठ, लिंबू लावून ठेवलं होतं. थोरलीनं टॉर्चच्या उजेडात अध्याय वाचला, आणि "या, न्याहारी करा" आलं तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. कुणी ठरवलं नव्हतं, तसं जुळून आलं. धाकटा बराच वेळ शेगडीजवळून हललाच नाही.

शेजारच्या आजीही आल्या. होळकरांच्या काळापासून इंदुरात असलेलं त्यांचं घर, मासे खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी खाली गॅसवर पोहे केले होते. त्या घरून जिरावन, पोह्यांवरचा मसाला, घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या बशीत स्वतः भुरभुरलं. ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही चंद्रावरच चालतं की!" यंदा हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि आपला ईस्टर 5 ला. त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय, पहाटे किती वाजता यायचं.

अंडी मुलं रंगवणार आहेत. कांद्याच्या साली जमवणं चालू आहे. अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवून ते जुन्या मलमलच्या तुकड्यात घट्ट बांधायचं आणि सालींच्या पाण्यात उकळायचं. मलमल सोडली की विटकरी रंगावर पानाची फिकट नक्षी उमटलेली असते, अगदी देठापासून टोकापर्यंत.

बाबा, पोरीनं आपली रीत सोडली असं मनात आणू नका. पहाट तीच आहे, वचन तेच आहे, आणि "खरोखर उठला आहे" हे आम्ही मराठीतच म्हणतो. फक्त कबरस्तानाच्या जागी न्याहारी आली आहे. आजीच्या कबरीला यंदा दादा चुना लावील, मी त्याच्याशी बोलले आहे. पहाटे तो तिथून फोन लावणार आहे.

यंदा अध्याय तुम्ही वाचावा अशी माझी फार इच्छा आहे. दौंडहून इंदूरला थेट गाडी आहे, खालचे बर्थ बघते. तुमच्या गुडघ्यांसाठी जिना चढता-उतरताना हे बरोबर राहतील.

आई, येताना तुझी बोंबील भाजायची लोखंडी जाळी आण. इथल्या जाळीच्या तारा फार विरळ आहेत, गेल्या वेळी निम्मा मासा विस्तवात पडला.

तुमची,
ताई