पाळी पुढे ढकलायच्या गोळीबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

पाळी पुढे ढकलायची गोळी चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या मेडिकल दुकानाविरुद्ध मी तुमच्या खात्याकडे तक्रार केली होती; गेल्या आठवड्यात तिचं उत्तर आलं. 'खरेदीचे बिल सादर न केल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' दुकानाची तपासणी करू, असं मला समोर बसवून सांगितलं होतं. चहाही दिला होता, त्याबद्दल आभार. पण साहेब, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकलेल्या औषधाचं बिल दुकानदार कशाला फाडेल?

माझी तारीख नेमकी गौरीपूजनाला येत होती. सवाष्ण जेवणार, सोवळ्यातला स्वयंपाक माझ्याकडे. सासूबाई म्हणाल्या, "गोळी घे की, सगळ्याच घेतात." घेतातच. दुकानात "पाळी पुढे ढकलायची" एवढं पुटपुटले, तर नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून, कागदात गुंडाळून हातात. दिवसाला तीन. चिठ्ठीशिवाय विकू नये, हा इशारा बहुधा त्यांच्याकडच्या अर्ध्या पट्टीवर राहिला. वय विचारलं नाही, बीपी नाही. घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का, हे तर नाहीच. विचारलं असतं तर आईच्या पायाचं सांगितलं असतं.

विसर्जनानंतर डावी पोटरी सुजली. सणाचं उभं राहणं, दुसरं काय, असं सगळेच म्हणाले. मग जिना चढताना दम लागायला लागला. डॉप्लरमध्ये, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत, मांडीपर्यंत गुठळी दिसली. पोटात टोचायची इंजेक्शनं, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या, बिनपगारी रजा, मोडलेली एफडी. आणि या गोळ्यांनी पाळी अशी सुरू झाली की थांबायचं नाव नाही. चार दिवस टाळायला गेले होते.

डॉक्टर म्हणाले, या औषधाचा थोडा भाग शरीरात गेल्यावर गर्भनिरोधक गोळीतलंच, गुठळीचा धोका वाढवणारं इस्ट्रोजेन हार्मोन होतो. मग उपकेंद्रात माला-एन ही सरकारी गर्भनिरोधक गोळी देण्याआधी सिस्टरने जे विचारायचं असतं, ते दुकानात का नको? अमेरिकेत अंगाला चिकटवायचा हार्मोनचा गर्भनिरोधक पॅच आला. त्यातून नेहमीच्या गोळीपेक्षा साधारण ६० टक्के जास्त इस्ट्रोजेन अंगात जातं, हे तिथल्या औषध प्रशासनाने २००५ साली माहितीपत्रकात ठळक घालायला लावलं. निदान वाचून ठरवता येतं. आम्हाला कापलेली पट्टी! "असं क्वचितच होतं हो," असं मला ऐकवलं गेलं. होत असेल क्वचित. ती क्वचितवाली कोण, हे कळावं म्हणूनच तर प्रश्न विचारायचे असतात. कुठल्याही पेठेत जा, दहातली नऊ दुकानं ही गोळी अशीच देतील. खोटं वाटत असेल तर घरातल्या बाईला पाठवून बघा.

पण बाईची पाळी म्हणजे कुणाच्या तरी कामातली अडचण, याच्या पलीकडे या राज्याची अक्कल गेलेली नाही. २०१९ मध्ये सरकारच्याच समितीने बीडमध्ये पाहिलं: ८२ हजारांवर ऊसतोड बायका, त्यातल्या १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली. तिथे खाडा वाचवायचा होता, इथे नैवेद्य. अहवाल आला, बातम्या झाल्या, कोयते पुन्हा फडात गेले.

माझं पत्रही फाइलला लागेल. तरी मागते: ही गोळी चिठ्ठीशिवाय विकणाऱ्याचा परवाना निलंबित करा, आणि पट्टीच्या प्रत्येक तुकड्यावर दिसेल असा मराठीत इशारा छापायला लावा. दर गणपतीला तुमचे अधिकारी खव्यावर धाडी घालतात. त्याच गाडीतून उतरून एकदा शेजारच्या मेडिकलमध्येही शिरू द्या. फोटो तिथेही चांगला येतो.

आपली,
पायात सुजेसाठीचे घट्ट दाबाचे मोजे घालून हे लिहिणारी एक शिक्षिका