नडगीचे दुखणे अंगावर काढू नकोस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू 'नडगी जरा ठणकते आहे, पण प्रशिक्षणाचा कॅम्प तोर्णा तोंडावर आला आहे' असे म्हणालीस आणि लगेच आजोबांच्या डोळ्याची चौकशी सुरू केलीस. त्यांचा डोळा ठीक आहे. बाबांना मी यातले काही सांगितलेले नाही, कारण सांगितले असते तर ते त्याच रात्री खडकवासल्याला, तुझ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे, निघाले असते. तुझ्या अभ्यासाविषयी आणि घोडेस्वारीविषयी लिहायचे असे ठरवून बसले आहे, पण मन त्या नडगीपाशीच घुटमळते.

दुखणे धावून झाल्यावर सुरू होते, की धावतानाच? हाडावर एकाच जागी बोट टेकवले की कळ येते का? तसे असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि अशी चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. विश्रांती मिळाली तर ती बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. तशीच पळत राहिलीस तर हाड पुरते मोडू शकते.

सत्र वाया जाईल, ही तुझी भीती मला कळते. रेलिगेट झालेल्या, म्हणजे एक सत्र मागे ठेवलेल्या छात्राला आपल्या सोबत्यांचे अंतिम पग, प्रबोधिनीतून बाहेर पडतानाचे ते शेवटचे पाऊल, बाजूला उभे राहून पाहावे लागते, आणि तुला ते किती लागेल हे मी जाणते. ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, बाहेर पडली, तेव्हा बाबा दूरचित्रवाणीसमोर उभे राहिले होते आणि संचलन संपेपर्यंत खाली बसले नाहीत. पण त्याच वर्षी, प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परतलेल्या छात्रांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला, ती बातमीही मी वाचली आहे, आणि ती काही केल्या डोक्यातून जात नाही.

तू सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा दाखला दिलास. १९७१ च्या युद्धातल्या बसंतरच्या लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पेटलेला रणगाडा सोडायला नकार दिला, हे खरेच. त्यांच्या नावाच्या मैदानावर तू कवायत करतेस याचा मला अभिमान आहे. पण रणगाडा पेटला आहे हे त्यांच्या वरिष्ठांना ठाऊक होते आणि तोफ अजून चालते आहे हे त्यांनी बिनतारी संदेशावरून स्वतः सांगितले होते. त्यांनी काहीही लपवले नव्हते. उद्या तुझ्या हाताखाली जवान असतील. गस्तीवर निघालेल्या अधिकाऱ्याचा पाय मोडला, तर त्याला उचलून आणण्यासाठी त्यांनाच स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो. आणि साहेब दुखणे दडवतात हे एकदा दिसले की एखादा जवानही आपला ताप दडवून पहाऱ्यावर उभा राहतो. स्वतःची सोय सर्वांत शेवटी, हे तेव्हाचे सरसेनापती चेटवूड यांचे १९३२ मधले वचन तुला पाठ आहे. त्यात जवानांचे कल्याण त्याच्या आधी येते, तेही तेवढेच पाठ असू दे.

हे व्याख्यान झाले, रागावू नकोस. चौथीत असताना तू मनगट मोडून घरी आलीस, बाही बोटांपर्यंत ओढून डाव्या हाताने जेवलीस, आणि विचारले तेव्हा म्हणालीस, 'ताईला सांगू नकोस, ती पोहायला नेणार नाही.' पानावर वाकलेला तो पांढरा पडलेला चेहरा मला रविवारी फोनवरही दिसत होता. तुझ्यातली हीच चिवटता तुला एसएसबीच्या निवड चाचणीच्या पाचही दिवसांतून पार घेऊन गेली, आणि तिचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटते.

पत्र मिळताच एमआय रूममध्ये, तिथल्या दवाखान्यात, जा. दुखणे कधीपासून आहे, कोणत्या जागी आहे, हे डॉक्टरांना काहीही कमी न करता सांग आणि तुमच्या तुकडीच्या डिव्हिजनल ऑफिसरांना स्वतः जाऊन कळव. डॉक्टर काय म्हणाले ते आधी मला सांग. सत्र मागे पडणार असेल तर बाबांशी मी बोलेन.

तुझी,
आई