मशीनगनचं तोंड मागं असतंय!

मा. संपादक साहेब,

नमस्कार. रविवारच्या पुरवणीत रशियातल्या घोडागाडीवरच्या मशीनगनवर म्हणजे तचांकावर लेख आला, विषय भारी निवडलाय, पण चित्रात गनची नळी घोड्यांच्या डोक्यावरनं पुढं काढलीय ते बघून आमच्या निपाणी-चिकोडी भागातला घोडागाडी शर्यतीचा कुठलाही गडी हसेल. कानाजवळ फटाका वाजला तरी घोडं उधळतंय, तिथं मिनिटाला 600 च्या स्पीडनं गोळ्या सुटल्यावर गाडी ताब्यात राहील काय?

खरी गन मागं तोंड करून बसवायचे आणि सगळी गंमत त्यातच हाय. दोन-चार घोडी जोडलेली स्प्रिंगची गाडी भरधाव शत्रूसमोर न्यायची, गर्रकन वळवायची, की नळी शत्रूकडं आणि घोडी पळायच्या वाटेला लागलेली. काम झालं की लगाम सैल सोडायचा बास, आणि कोण पाठलाग करत आलाच तर तो सरळ नळीसमोरच. 1910 मॉडेलची मॅक्सिम मशीनगन, चाकाच्या स्टँडसकट 60 किलोच्या वर, नळीभोवती पाण्याचं जॅकेट, 250 गोळ्यांचा कापडी पट्टा, एवढं धूड घोड्यावर लादायचं तर सुटं करावं लागतं, मग ऐन लढाईत जोडत कोण बसणार? गाडीवर ती कायम तयार.

लेखात श्रेय सगळं बोल्शेविकांच्या म्हणजे रशियन कम्युनिस्टांच्या लाल फौजेतल्या बुद्योनी या सेनापतीच्या घोडदळाला दिलंय ते पण पटलं नाही. क्रांतीनंतरच्या यादवीत, युक्रेनात 1919 मध्ये नेस्तर माख्नोच्या शेतकरी फौजेनं या गाड्या जोरात वापरल्या, पण तो बोल्शेविकांच्या विरोधात गेला आणि 1934 ला पॅरिसमध्ये वारला, मग त्याचं नाव घेणार कोण. पोलंडकडं तर 1939 मध्येही अशा गाड्या होत्या.

"आपल्या पलटणींनी का वापरल्या नाहीत" असं लेखकानं विचारलंय. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आताच्या इराकात) लढलेल्या मराठा पलटणींच्या मशीनगन खेचरांवरनं जायच्या, आणि तचांकाला मोकळं सपाट रान लागतंय. फ्रान्सच्या खंदकात, काटेरी तारांत ती गाडी काय कामाची? आमच्या खानापूरच्या जंगलात तर वळवायलाच जागा मिळायची नाही. (युक्रेनची जमीन मात्र आपल्यासारखी काळीच, पावसाळी चिखलात चाकं तिथं पण रुतायची.)

तेवढं चित्र दुरुस्त करून परत छापा साहेब, पोरं शाळेच्या प्रोजेक्टला तुमचीच कात्रणं चिकटवतात.

आपला,
एक जुना वाचक, निपाणी