ब्लॅकबर्नच्या विणकरासाठी आभार

माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नला हातमागावर विणायचे, एवढंच सासरी ठाऊक; जुन्या नोंदींतून त्यांचाच माग काढतेय. १८४१ च्या जनगणनेत त्याच नावाचे अनेक विणकर! त्यात मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली, आणि जन्म याच परगण्यातला की नाही, एवढीच नोंद. ‘१८५१ ची पानं बघा, तिथं जन्माची पॅरिश, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग, असते,’ असं सांगणाऱ्या बाईंचे पहिले आभार.

चर्चच्या जुन्या वह्या घरबसल्या टंकित करणाऱ्या स्वयंसेवकांचे तर किती मानावेत! १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यात वडिलांचा धंदा असतो. तिथं विणकराचे वडील लोहार, त्याच्या लग्नाच्या नोंदीतही वडील लोहारच. गाठ पक्की बसली. मूळ पान पुसट निघालं, तेव्हा बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल सुचवणारे अभिलेखागारातले गृहस्थ, तुमचं नाव विचारायचं राहिलंच.

आता १८६१ नंतरचं शोधतेय. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडून येणारा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, मुंबईचे कापूस-व्यापारी मात्र गब्बर झाले. तेव्हाच्या गरीब-मदतीच्या नोंदी वाचता येणारं कुणी असेल, तर आगाऊ आभार.