मा. मुख्यमंत्र्यांना खुले पत्र : ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच हाती अहवाल

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : नगरपरिषदांविरुद्धच्या तक्रारींची लोकायुक्तांकडील चौकशी आणि तिची मर्यादा.

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी आमच्या नगरपरिषदेने लोकायुक्तांना सादर केलेल्या अहवालाची प्रत मला टपालाने मिळाली. आमच्या गल्लीतील गटारातून गेलेली पिण्याच्या पाण्याची जुनी पाइपलाइन बदलण्यात आली असून ‘तक्रारदाराचे समाधान झाले असल्याने प्रकरण नस्तीबद्ध (म्हणजे बंद) करण्यास हरकत नसावी’, असे तीत लिहिले आहे. सोबत पंचनामा आणि एक छायाचित्र जोडले आहे. छायाचित्रात नव्या पाइपामागे पिंपळाचा पार दिसतो. आमच्या गल्लीत पिंपळ नाही, पार नाही, की सावलीला उभे राहावे असे एखादे झाडही नाही. पंच म्हणून ज्या दोघांच्या सह्या आहेत, त्यांना गल्लीतले कोणीही ओळखत नाही. आणि माझे समाधान झाले की नाही, हे मला विचारायला आजवर एकही माणूस आलेला नाही.

आमच्या नळाला मी जुन्या धोतराचे फडके बांधतो. रविवारी बांधलेले पांढरे फडके पुढच्या शनिवारी सोडले, की त्यावर काळपट, बुळबुळीत थर असतो आणि त्याला गटाराचा वास येतो. पाणी सुटल्यावर पहिली दोन भांडी आम्ही ओतून देतो, उरलेल्या पाण्यात तुरटी फिरवतो आणि मग ते उकळतो. एवढे करूनही गेल्या वर्षी माझ्या मुलीला कावीळ झाली. दहावीची पूर्वपरीक्षा चालू असताना ती 18 दिवस अंथरुणावर होती. तिचे डोळे पाहिल्याबरोबर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की घरी पाणी कुठले पिता. त्या प्रश्नाचे उत्तर देताना बाप म्हणून मला जी शरम वाटली, ती खरे तर कोणाला वाटायला हवी होती, हे आपणच ठरवावे. पाणीपट्टीची एकही पावती माझ्याकडे थकीत नाही.

नगरपरिषदांसाठीच्या 1965 च्या अधिनियमाने पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे, म्हणजे मी कोणाकडे मेहेरबानी मागत नाही. मी आधी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. मग ऑनलाइन तक्रार केली, ती ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ त्याच नगरपरिषदेकडे परत आली. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत गेलो, तेथून गेलेले पत्रही त्याच टेबलावर जाऊन पडले. नगरसेवकाचे दार ठोठवावे, तर 2022 पासून राज्यातील कित्येक नगरपरिषदांप्रमाणे आमच्याकडेही तेव्हा प्रशासकच होता. शेवटी एका निवृत्त शिक्षकांच्या सांगण्यावरून लोकायुक्तांकडे अर्ज केला. तोही घाईने करावा लागला, कारण गाऱ्हाणे कळल्यापासून 12 महिन्यांच्या आत ते मांडावे लागते आणि माझे 11 महिने या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यातच संपले होते.

लोकायुक्तांच्या कार्यालयाविरुद्ध माझी तक्रार नाही. तेथे वकील लागला नाही, ओळख लागली नाही, अर्जाची नोंद झाली आणि नगरपरिषदेकडून अहवाल मागवला गेला. माझी तक्रार आहे ती शासनाने त्यांच्या हाती जे दिलेले नाही, त्याबद्दल. महाराष्ट्राने 1971 मध्ये लोकायुक्त कायदा केला आणि 1972 पासून ही संस्था देशात सर्वांच्या आधी कामाला लागली, याचा अभिमान प्रत्येक शासनाने मिरवला. परंतु त्या कायद्याने लोकायुक्तांना दिला तो शिफारशीचा अधिकार, आदेशाचा नाही. शिफारस मानली गेली नाही तर विशेष अहवाल राज्यपालांना द्यायचा आणि तो पुढे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवला जायचा, अशी तरतूद आहे. गटारातला 40 फूट पाइप बाहेर काढण्यासाठी एका गृहस्थाने राज्यपालांपर्यंतच्या या प्रवासाची वाट पाहावी, अशी आपली अपेक्षा आहे का?

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की वस्तुस्थिती जाणून घेण्यासाठी लोकायुक्तांना मुख्यतः शासनाच्याच यंत्रणेवर विसंबावे लागते. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे, त्याच्याकडूनच अहवाल येतो. त्याने कागदावर पाइप बदलला, की मंत्रालयासमोरच्या इमारतीत बसलेल्या माणसाला तो बदललेलाच दिसणार. आता त्या अहवालावर मी माझे म्हणणे पाठवीन, त्यावर पुन्हा खुलासा मागवला जाईल, आणि तो खुलासाही तेच हात लिहितील.

केरळने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तेथील पंचायत राज कायद्याने त्या लोकपालाला नागरिकास भरपाई देवविण्याचा, राहून गेलेले काम करून घेण्याचा आणि झालेले नुकसान जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याचा अधिकार दिला. तेराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या कामगिरी अनुदानासाठी ज्या अटी घातल्या, त्यांतही स्वतंत्र लोकपालाची अट होती. केरळच्या नागरिकाला जे मिळू शकते, ते देशात पहिला लोकायुक्त नेमणाऱ्या महाराष्ट्राच्या नागरिकाला का मिळू नये?

2019 मध्ये राळेगणसिद्धीत उपोषण झाले, तेव्हा कडक लोकायुक्त कायद्याचे आश्वासन दिले गेले. विधेयक विधानसभेत डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेत डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झाले. त्याची सारी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरली, ती म्हणजे मुख्यमंत्री त्याच्या कक्षेत आले की नाही. भ्रष्टाचाराला आळा बसलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्याकडे कोणी लाच मागितली नाही. मागितली असती तर निदान कोणाला पकडून तरी देता आले असते. माझ्या घरात जे घडले ते हेळसांडीमुळे घडले, आणि हेळसांड करणाऱ्याचे आमच्या राज्यात काहीच बिघडत नाही. 1971 च्या कायद्याने आरोप, म्हणजे भ्रष्टाचाराची तक्रार, आणि गाऱ्हाणे, म्हणजे गैरकारभारामुळे सोसलेल्या अन्यायाची तक्रार, असे दोन वेगळे शब्द विचारपूर्वक वापरले होते. आरोपांसाठी सभागृहे जागली, गाऱ्हाण्यासाठी कोण जागले? नव्या व्यवस्थेत माझ्यासारख्याच्या गाऱ्हाण्याला कोणते दार आहे, हे आपण लेखी सांगावे.

माझी मागणी मोठी नाही. स्थानिक संस्थेविरुद्धच्या गाऱ्हाण्याची स्थळपाहणी त्या संस्थेच्या माणसाने करू नये, ती लोकायुक्तांच्या स्वतःच्या अधिकाऱ्याने करावी, आणि तक्रारदाराच्या उपस्थितीवाचून व सहीवाचून झालेला पंचनामा ग्राह्य धरला जाऊ नये. खोटा अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्यावर, तो खोटा ठरला त्याच दिवशी, त्याच्या नावाने कारवाई सुरू व्हावी.

तूर्त आमच्या गल्लीपुरता एक अधिकारी पाठवावा. पाणी पहाटे साडेपाचला येते आणि जेमतेम 40 मिनिटे टिकते, त्यामुळे त्यांना कार्यालयीन वेळेत पाठवू नये. फडके मी शनिवारपर्यंत सोडणार नाही.

आपला,
एक नियमित करदाता नागरिक