ताणामुळे नेमके काय वाढले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत ‘ताण (उष्णता, रसायन वगैरे) दिला की सूक्ष्मजीव अधिक प्रथिन बनवतात’ अशा आशयाचा लेख आला. हा विषय मराठीत आल्याचा आनंद आहे, परंतु लेखातील कार्यकारणभाव मला पटला नाही.

हवे ते प्रथिन बनवून घेण्यासाठी परके जनुक घातलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या बाबतीत खरी अडचण अनेकदा प्रथिन कमी बनण्याची नसतेच. ते इतक्या वेगाने बनते, की नीट घडी पडून योग्य आकार येण्याआधीच त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीत अविद्राव्य गोळे साचतात. पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वरचे द्रावण आणि तळाचा साका, प्रथिने वेगळी करून पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या जेलवर शेजारी शेजारी चालवावेत, तर साक्याच्या रांगेत जाड, गडद पट्टा आणि द्रावणाच्या रांगेत जेमतेम दिसणारी रेघ! हे दृश्य मी आठवडेच्या आठवडे पाहिले आहे.

ताण उपयोगी पडतो तो इथे. प्रेरक (परके जनुक चालू करणारे रसायन) घालण्याआधी पेशी थोडा वेळ ४२ अंश सेल्सिअसला ठेवल्या किंवा माध्यमात थोडे इथेनॉल घातले, तर ताणाच्या वेळी लागणारी जनुके चालू करणाऱ्या सिग्मा-३२ या घटकामार्फत डीएनएके, ग्रोईएल यांसारखी घडी घालण्यास साहाय्य करणारी चॅपरोन प्रथिने वाढतात. मात्र त्याच प्रतिसादात प्रथिने तोडणारी ‘लॉन’सारखी विकरेही (एन्झाइम) वाढत असल्याने, मात्रा आणि वेळ चुकली तर हाती आलेले प्रथिनही गमावण्याची वेळ येते. उलट, तापमान ३७ वरून १६ ते २० अंशांवर आणण्याची सर्वपरिचित युक्ती प्रथिननिर्मितीचा वेग कमीच करते. एकूण प्रथिन बहुधा घटते, पण विद्राव्य प्रथिन वाढू शकते. आणि ज्या प्रणालींत ३० वरून ४२ अंशांवर नेल्याने लॅम्डा विषाणूचा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) चालू होतो, तेथे उष्णता मुळात बटणाचे काम करते. लेखात या तिन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधल्या आहेत.

माझा खरा आक्षेप लेखातील ‘कैक पटींनी वाढ’ या शब्दांना आहे. ही वाढ एकूण प्रथिनाची, विद्राव्य प्रथिनाची की प्रत्यक्ष कार्यक्षम प्रथिनाची? प्रत्येक पेशीमागे की प्रत्येक लिटरमागे? ताणामुळे पेशींची वाढ मंदावते. समजा, प्रत्येक पेशीतील प्रथिन दुप्पट झाले आणि लिटरमागील पेशी निम्म्या राहिल्या, तर किण्वनपात्रातून निघणारे प्रथिन जेवढ्यास तेवढेच राहते. शिवाय मूळ आकडा शून्याच्या आसपास असेल, तर दहापट वाढीनेही फारसे साधत नाही.

एका प्रथिनाला मानवलेला ताण दुसऱ्याला मानवेलच असे नाही, त्यामुळे कोणत्या प्रथिनावर प्रयोग झाला हेही सांगणे आवश्यक होते. पुढील लेखात एवढा तपशील एका चौकटीत दिला, तरी पुरेसे आहे.

आपला,
एक नियमित वाचक